विद्युत् दाब नियामक आणि शेवटचा व्होल्ट

जबलपूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात. परंतु या शहराची दुसरी ओळख कारखान्यांची आहे. तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना येथे १९०४ साली स्थापन झाला आणि लष्करासाठी मोटारवाहने तयार करणारा कारखाना १९६९ साली. जर्मनीतील मान या कंपनीच्या परवान्याखाली बांधली जाणारी ‘शक्तिमान’ ही लष्करी मालमोटार एके काळी सर्व देशाच्या परिचयाची होती. हिमालयातील चौक्यांपर्यंत जाणारी अशी वाहने कडाक्याच्या थंडीतही पहिल्या झटक्यात चालू झाली पाहिजेत, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. या अपेक्षेचा एका लहानशा चिपशी कसा संबंध येतो, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

मोटारीचे इंजिन चालू करताना स्टार्टर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. त्या क्षणी दिवे मंद होतात, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. दिवे मंद होतात याचा अर्थ बॅटरीचा विद्युत् दाब खाली आला. जड वाहनांत साधारणपणे २४ व्होल्टची व्यवस्था असते. पण हिशेबाच्या सोयीसाठी आपण १२ व्होल्टची साधी गाडी घेऊ. जानेवारीत जबलपूरचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे वंगणाचे तेल घट्ट झालेले असते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावलेली असते आणि स्टार्टर फिरू लागताच १२ व्होल्टचे क्षणभर ६ व्होल्टही होऊ शकतात. जुन्या गाडीचे यात फारसे बिघडत नसे. आजच्या गाडीत मात्र इंधन केव्हा आणि किती सोडावयाचे, हे एक छोटा संगणक ठरवितो. अशा संगणकास पुष्कळदा बरोबर ५ व्होल्टचा स्थिर दाब लागतो. तो साडेचारच्या खाली गेला की संगणक चालू गणित विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. म्हणजे इंजिनास त्याची गरज सर्वांत अधिक असते, नेमका त्याच वेळी तो गैरहजर राहणार!

बॅटरीत ६ व्होल्ट आहेत आणि आपणास हवे आहेत केवळ ५. हिशेबाने एक व्होल्ट शिल्लकच राहतो. तरीदेखील कित्येक वर्षे प्रचारात असलेल्या नियामकांना हे काम करता येत नसे. असे का, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे.

कालव्याच्या दरवाजावरील माणूस

जबलपूरच्या वरच्या अंगास नर्मदेवर बरगीचे धरण आहे. त्याचा जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरतो आणि उन्हाळ्यात बराच खाली जातो. आता कल्पना करा, की अशाच एखाद्या जलाशयातून एक कालवा निघतो आणि त्यातील पाण्याची पातळी मात्र बारा महिने सारखीच राहिली पाहिजे. कालव्याच्या मुखाशी एक दरवाजा आहे आणि दरवाजापाशी एक माणूस बसविला आहे. कालव्यात एक मोजपट्टी रोवलेली असून तिच्यावर तांबडी खूण केलेली आहे. पाणी खुणेच्या खाली गेले की त्याने दरवाजा थोडा उघडावयाचा, वर आले की थोडा लोटावयाचा. धरणात किती पाणी आहे, खालच्या शेतकऱ्यांनी किती उपसले, याची चौकशी करण्याचे त्याला कारणच नाही. त्याने केवळ खुणेकडे पाहावे.

विद्युत् दाब नियामक हा अगदी असाच आहे. जलाशय म्हणजे बॅटरी, कालवा म्हणजे ५ व्होल्टची तार, दरवाजा म्हणजे ट्रँझिस्टर. तांबड्या खुणेस आपण संदर्भ दाब म्हणू. माणसाचे काम विवर्धक करतो. परिणामाकडे पाहून कारणात दुरुस्ती करण्याच्या या पद्धतीला पुनःप्रदाय असे नाव आहे.

आता उन्हाळा वाढत गेला आणि जलाशयाची पातळी उतरत उतरत खुणेच्या जवळ आली, तर काय होईल? माणूस दरवाजा अधिकाधिक उघडत जाईल, आणि एक दिवस तो पूर्ण उघडलेला असेल. त्यापुढे माणसाच्या हाती काही उरत नाही. जलाशय जसा उतरेल, तसाच कालवाही उतरेल. ज्या क्षणी नियामकाचा हात असा सुटतो, त्या क्षणी जलाशय आणि कालवा यांच्या पातळ्यांत जो फरक असतो, त्याला तंत्रज्ञ ‘ड्रॉप-आउट’ म्हणतात. आपण त्यास किमान फरक म्हणू. जो नियामक अगदी थोड्या फरकावरही तग धरतो, तो अल्प किमान फरकाचा नियामक होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सर्वत्र एल.डी.ओ. म्हणतात, आणि पुढे आपणही तेच नाव वापरू.

चिपच्या आत

बाहेरून पाहिले तर नियामक म्हणजे तीन पायांचा एक काळा तुकडा असतो. एका पायात बॅटरीचा दाब येतो, दुसऱ्यातून ५ व्होल्ट बाहेर पडतात, आणि तिसरा भूमीला म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. आत मात्र कित्येक ट्रँझिस्टर सिलिकनाच्या एकाच कणीवर घडविलेले असतात.

यातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे संदर्भ दाब, आपल्या दृष्टांतातील तांबडी खूण. खूणच हलू लागली तर दरवाजावरील माणूस कितीही दक्ष असून उपयोग नाही. आणि सिलिकनातील प्रत्येक गोष्ट तपमानाबरोबर हलते. ट्रँझिस्टरचा पाया आणि उत्सर्जक यांच्यामधील दाब सामान्य तपमानास सुमारे ०.६२ व्होल्ट असतो. परंतु तपमान एका अंशाने चढले की तो सुमारे २ मिलिव्होल्टनी उतरतो. जबलपूरच्या जानेवारीतील १० अंशांपासून मे महिन्यातील ४२ अंशांपर्यंत जाताना तो ६४ मिलिव्होल्टनी, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी घसरेल. या खुणेवर विसंबणाऱ्या नियामकाचे ५ व्होल्ट उन्हाळ्यात साडेचार होतील.

यावर जो उपाय सापडला, तो मला साऱ्या अर्धसंवाहक विद्येतील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. एकाच तऱ्हेचे दोन ट्रँझिस्टर घ्यावयाचे आणि त्यांतील एकात प्रवाहाची दाटी दुसऱ्याच्या आठपट ठेवावयाची. दोघांचेही दाब तपमानाबरोबर उतरतात. पण त्या दोहोंमधील फरक मात्र तपमानाबरोबर वाढतो. हा फरक सामान्य तपमानास ५४ मिलिव्होल्ट असून दर अंशामागे तो सुमारे ०.१८ मिलिव्होल्टने चढतो. त्यास ११ पट केले की चढ जवळजवळ २ मिलिव्होल्ट होतो. हा चढणारा दाब आणि पहिला उतरणारा दाब यांची बेरीज केली की एकाची वाढ दुसऱ्याची घट भरून काढते. बेरीज येते ०.५९ अधिक ०.६२, म्हणजे १.२१ व्होल्ट, आणि ती थंडीत व उन्हाळ्यात जवळपास तेवढीच राहते. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. सिलिकनातील इलेक्ट्रॉनास बंधनातून मुक्त करण्यास जी ऊर्जा लागते, तिच्याशी तो निगडित आहे. या कल्पनेचा मूळ उल्लेख डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ साली केला. रॉबर्ट विड्लर यांनी ती चिपवरील नियामकात आणली आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिचे विवेचन केले.

संदर्भ आहे १.२ व्होल्ट, आणि आपणास हवे आहेत ५. तेव्हा बाहेर पडणाऱ्या दाबाचा ठरावीक हिस्सा काढून त्याची संदर्भाशी तुलना करावयाची. त्यासाठी ३८ हजार आणि १२ हजार ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले, तर खालच्या रोधकावर एकूण दाबाचा १२/५० इतका हिस्सा मिळतो. ५ व्होल्टचा असा हिस्सा बरोबर १.२ व्होल्ट होतो. बाहेरचा दाब ४.९ झाला, तर हिस्सा १.१७६ होईल. चोवीस मिलिव्होल्टची ही तूट विवर्धक शेकडोपट करून ट्रँझिस्टरच्या पायाशी पोहोचवितो. ट्रँझिस्टर अधिक उघडतो आणि तूट भरून निघते. दरवाजावरील माणसाला जेथे तास लागेल, तेथे हे सारे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत घडते.

दोन व्होल्ट कोठे जातात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या नियामकांत दरवाजाचे काम एन-पी-एन जातीचा ट्रँझिस्टर करीत असे. त्याचा संग्राहक बॅटरीकडे आणि उत्सर्जक ५ व्होल्टच्या तारेकडे जोडलेला असे. या ट्रँझिस्टरचा नियम असा, की त्याला उघडा ठेवावयाचा असेल तर त्याच्या पायाचा दाब उत्सर्जकापेक्षा सुमारे ०.७ व्होल्टने वर ठेवावा लागतो. उत्सर्जक ५ व्होल्टवर असेल तर पाया ५.७ व्होल्टवर हवा. एक अँपिअरसारखा मोठा प्रवाह हाताळावयाचा तर एक ट्रँझिस्टर पुरत नाही. त्याच्या पायाला प्रवाह पुरविण्यासाठी दुसरा जोडावा लागतो, आणि या दुसऱ्याचा पाया आणखी ०.७ व्होल्टने वर, म्हणजे ६.४ व्होल्टवर ठेवावा लागतो. त्याच्याही वर, त्याला प्रवाह देणाऱ्या मंडलास स्वतःसाठी थोडा दाब लागतो. अशी बेरीज करीत गेले की आकडा ७ व्होल्टच्या आसपास पोहोचतो. यामुळेच ७८०५ या क्रमांकाच्या सुप्रसिद्ध नियामकास ५ व्होल्ट देण्यासाठी किमान ७ व्होल्ट द्यावे लागतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे दोन व्होल्ट पाण्याला वाट देण्यासाठी लागत नाहीत. ते दरवाजा उचलून धरण्यासाठी लागतात. आपल्या दृष्टांतात असे समजा, की दरवाजा उचलण्याचे यंत्र जलाशयाच्याच पाण्यावर चालते, आणि तेही पाणी कालव्याच्या पातळीच्या वर दोन मीटर असेल तरच. मग जलाशयात कालव्यापेक्षा एक मीटर अधिक पाणी असूनही दरवाजा उचलताच येणार नाही. पाणी असून कालवा कोरडा पडावा, तशी बॅटरीत ६ व्होल्ट असून संगणक उपाशी राहतो.

यातून मार्ग काढावयाचा तर दरवाजा उचलण्याचे तंत्रच बदलावयास हवे. पी-एन-पी जातीचा ट्रँझिस्टर हा एन-पी-एन ट्रँझिस्टरचा जणू आरशातील प्रतिबिंब असतो. त्याचा उत्सर्जक बॅटरीकडे आणि संग्राहक ५ व्होल्टच्या तारेकडे जोडतात. त्याला उघडण्यासाठी पायाचा दाब वर चढवावा लागत नाही, उलट बॅटरीच्या दाबाहून ०.७ व्होल्टने खाली ओढावा लागतो. आणि खाली तर भूमीपर्यंत भरपूर जागा असते! दोर वर खेचण्याऐवजी खालून ओढला की दरवाजा उघडतो, अशी ही योजना आहे. आता उरतो तो केवळ पूर्ण उघडलेल्या ट्रँझिस्टरवरचा स्वतःचा दाब, आणि तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ५ व्होल्ट मिळविण्यास साडेपाच व्होल्ट पुरतात. जबलपूरच्या थंड पहाटेचे ६ व्होल्ट हे सात आणि साडेपाच यांच्या मध्ये पडतात, हे वाचकाच्या लक्षात आले असेलच.

नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीने १९८० च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी अशा नियामकांची एक मालिकाच बाजारात आणली. एल.एम. २९३० हा त्यांपैकी एक होय. १५० मिलिअँपिअर प्रवाह देताना त्याचा किमान फरक ०.६ व्होल्टहूनही कमी असे. या रचनेचा एक लाभ जवळजवळ फुकटच पदरात पडला. घाईगर्दीत कोणी बॅटरीची टोके उलटी जोडली, तर पी-एन-पी ट्रँझिस्टरचे उत्सर्जकाकडील द्वार आपोआप बंद राहते आणि पुढचा संगणक वाचतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा टाकून इंजिन चालू करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

मिळविले त्याची किंमत

आता जमाखर्चाची दुसरी बाजू पाहू.

पहिला खर्च प्रवाहाचा आहे. एन-पी-एन रचनेत ट्रँझिस्टरच्या पायात शिरणारा प्रवाह अखेरीस ५ व्होल्टच्या तारेतच जातो. म्हणजे उपयोगी पडतो. पी-एन-पी रचनेत तो पायातून निघून थेट भूमीला मिळतो. चिपवर घडविलेले जुने पी-एन-पी ट्रँझिस्टर तसे सुस्त असत. त्यांचे प्रवाह-विवर्धन २० असेल, तर १ अँपिअर पुरविताना ५० मिलिअँपिअर वाया जात. शिवाय बॅटरी खाली आली आणि दरवाजा पूर्ण उघडला, की विवर्धक पायाला आणखी जोराने ओढतो. आधीच थकलेल्या बॅटरीवर हा अधिकचा भार पडे. पुढे मॉस जातीच्या ट्रँझिस्टरने हा दोष दूर केला. त्याचे नियंत्रण करणाऱ्या द्वारात स्थिर स्थितीत प्रवाह जातच नाही. पूर्ण उघडला असता तो केवळ एका लहान रोधकासारखा वागतो. त्याचा रोध ०.२ ओहम असेल आणि प्रवाह अर्धा अँपिअर असेल, तर किमान फरक ०.१ व्होल्ट इतका लहान होतो.

दुसरा खर्च अधिक कपटी आहे, आणि त्यापायी पुष्कळ अभियंत्यांनी रात्री जागविल्या आहेत. न्हाणीघरात बंबापासून नळापर्यंत लांब नळी असली की काय होते, ते आठवा. पाणी गार वाटते म्हणून आपण गरम पाण्याची तोटी फिरवितो. गरम पाणी येण्यास वेळ लागतो म्हणून आणखी फिरवितो, आणि मग एकदम चटका बसतो. घाईने उलट फिरविले की थोड्या वेळाने पुन्हा गार पाणी येते. आपल्या दुरुस्तीत चूक काहीच नसते. ती केवळ उशिरा पोहोचत असते. दुरुस्ती पुरेशी उशिरा पोहोचली की ती नेमकी उलट परिणाम करते आणि पाणी गार-गरम, गार-गरम असे आंदोलू लागते.

एन-पी-एन रचनेत उत्सर्जक स्वतःच दाबातील बदलास तत्काळ विरोध करतो, त्यामुळे अशी आंदोलने सहसा उद्भवत नाहीत. पी-एन-पी किंवा त्यासारख्या मॉस रचनेत हा स्वाभाविक विरोध नाही. बाहेर जोडलेले धारित्र, ज्याला बाजारात कंडेन्सर म्हणतात, ते भरण्यास आणि रिकामे होण्यास वेळ लागतो. विवर्धकासही स्वतःचा विलंब असतो. हे दोन विलंब एकमेकांवर पडले की ५ व्होल्टची तार सेकंदास हजारो किंवा लाखो वेळा वर-खाली होऊ लागते. साध्या व्होल्टमापीवर सरासरी ५ व्होल्टच दिसतात. संगणक मात्र वेड्यासारखा वागतो.

गंमत अशी, की या संकटातून वाचविणारी वस्तू म्हणजे धारित्राचा एक दोष होय. कोणतेही खरे धारित्र केवळ धारित्र नसते. त्याच्या पोटात थोडासा रोध दडलेला असतो. या रोधामुळे बदलाचा काही अंश विलंबावाचून, ताबडतोब विवर्धकापर्यंत पोहोचतो, आणि आंदोलन दबते. जुन्या एल.डी.ओ. चिपांच्या माहितीपत्रकांत म्हणूनच धारित्राच्या रोधाच्या दोन्ही मर्यादा दिलेल्या असत: साधारणपणे एका ओहमच्या दहाव्या भागापासून एका ओहमपर्यंत. पुढे अतिशय अल्प रोधाची चिनी मातीची धारित्रे स्वस्त झाली. जुन्या मंडलात जुन्याच्या जागी हे नवे, अधिक चांगले धारित्र बसविले की मंडल बिघडे. थंडीत याच्या उलट घडे. विद्युत् विच्छेद्य द्रव असलेल्या धारित्रातील द्रव गारठून घट्ट होई, त्याचा रोध वरची मर्यादा ओलांडी आणि दुपारी निर्दोष चालणारे मंडल पहाटे आंदोलू लागे. आता बहुतेक नव्या चिपांत विलंबाची भरपाई आतच केलेली असते, त्यामुळे चिनी मातीची धारित्रे निर्धास्तपणे वापरता येतात. तरीही माहितीपत्रकातील धारित्राविषयीची ओळ वाचल्यावाचून पुढे जाऊ नये, असे नवशिक्यास सांगणे मी कर्तव्य समजतो.

धुवांधार आणि उष्णता

एल.डी.ओ. विषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो असा, की हा नियामक नेहमीच कमी ऊर्जा वाया घालवितो. भेडाघाटजवळच्या धुवांधार धबधब्याकडे पाहा. नर्मदेचे पाणी वरून खाली पडते आणि त्याची सारी ऊर्जा तुषार उडविण्यात, आवाजात आणि पाणी यत्किंचित तापण्यात संपते. तेच पाणी बरगीच्या विद्युत् गृहात ४५ मेगावॅटची दोन जनित्रे फिरविते. रेषीय नियामक, मग तो जुना असो की नवा, हा धुवांधारासारखा आहे. त्याच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक गुणिले प्रवाह, इतकी शक्ती उष्णतेत जाते. १२ व्होल्टचे ५ करून अर्धा अँपिअर द्यावयाचा असेल तर साडेतीन वॅट उष्णता होणारच, आणि उपयोगी पडतात केवळ अडीच वॅट. चिप एल.डी.ओ. आहे म्हणून या हिशेबात तीळमात्र सवलत मिळत नाही. सवलत मिळते ती साडेपाच व्होल्टचे ५ करताना. तेव्हा पाव वॅटच उष्णता होते आणि शंभरातील एक्क्याण्णव भाग उपयोगी पडतात. परंतु बॅटरीच मुळात साडेपाच व्होल्टपर्यंत उतरली असेल किंवा दुसऱ्या एखाद्या मंडलाने दाब तेथवर आणून ठेवला असेल, तरच.

उष्णतेचा प्रश्न पुस्तकी नाही. पंख्यासारखे पत्र्याचे शीतक न जोडता ही तीन पायांची चिप वापरली, तर दर वॅटमागे तिच्या आतील सिलिकन सुमारे ६५ अंशांनी तापते. दोन वॅट म्हणजे १३० अंश. जानेवारीतील १० अंशांवर हे मिळविले तर १४० होतात, आणि चिप कशीबशी टिकते. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांवर तेच मिळविले तर १७२ होतात, आणि चिपमधील संरक्षक मंडल तिला बंद करून टाकते. हिवाळ्यात उत्तम चाललेले यंत्र उन्हाळ्यात अधूनमधून बंद पडते आणि थोडे निवले की पुन्हा सुरू होते, याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते.

मग धुवांधाराचा त्याग करून सगळीकडे स्विचन पद्धतीचेच नियामक का वापरू नयेत? ते प्रवाह सेकंदास लाखो वेळा तोडून-जोडून दाब बदलतात आणि उष्णता फारच कमी निर्माण करतात. पण ही तोडजोड गोंगाट करते. रेडिओचा ग्राहक किंवा सूक्ष्म संवेदक यांना तो सहन होत नाही. म्हणून दोघांना एकत्र नांदविले जाते. स्विचन नियामकाने १२ चे साडेपाच करावयाचे आणि त्यामागून एल.डी.ओ. ने गोंगाट गाळून शांत ५ व्होल्ट द्यावयाचे. किमान फरक लहान असल्याने या शेवटच्या गाळणीत फार थोडी ऊर्जा जाते. माझ्या मते एल.डी.ओ. चे आजचे खरे स्थान हेच आहे.

अग्निबाणांतील इलेक्ट्रॉनीय उपकरणांनाही असे वेगवेगळे, शांत दाब लागतात. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून अशा कामासाठी अनेक निर्गमांचा एल.डी.ओ. देशातच विकसित केला. मार्च १९२५ नव्हे, तर मार्च २०२५ मध्ये ‘विक्रम ३२०१’ या सूक्ष्मप्रक्रियकाबरोबर त्याचीही घोषणा झाली. शतकाचा हा उल्लेख मुद्दाम केला. कारण एका कणीवर शेकडो ट्रँझिस्टर ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

विजेचा खिशातील साठा

लिथियमचा लहान घट पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होताना सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरतो. त्यावर ३.३ व्होल्टचे मंडल चालवावयाचे तर दोन व्होल्टचा किमान फरक मागणारा नियामक एक क्षणही चालणार नाही. ०.१ व्होल्टवाला मात्र घट ३.४ वर येईपर्यंत, म्हणजे त्यातील बहुतेक साठा संपेपर्यंत साथ देतो. येथे नियामक स्वतः किती खातो, यालाही महत्त्व येते. ७८०५ ला काही काम नसतानाही सुमारे ५ मिलिअँपिअर लागतात. २००० मिलिअँपिअर-तासांचा घट केवळ त्याला पोसण्यात ४०० तासांत, म्हणजे १७ दिवसांत रिकामा होईल. ५ मायक्रोअँपिअरवर भागविणारे एल.डी.ओ. आज सहज मिळतात. त्यांच्या हिशेबाने तोच घट ४५ वर्षे पुरावा. अर्थात त्याच्या कितीतरी आधी घट स्वतःच म्हातारा होईल.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. दाब कमी-जास्त करता येणारा एकदिश वीजपुरवठा, दोन व्होल्टमापी, ५ व्होल्टचा एक एल.डी.ओ., माहितीपत्रकात सांगितलेली धारित्रे आणि १० ओहमचा, ५ वॅट सहन करणारा रोधक एवढे साहित्य पुरे. चिप अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावी. रोधक निर्गमास जोडला की अर्धा अँपिअर प्रवाह वाहू लागतो. आरंभी ९ व्होल्ट द्यावेत आणि दर वेळी ०.१ व्होल्टने उतरत जावे. पहिला व्होल्टमापी नऊ, आठ, सात असा उतरत असता दुसरा ५ वरून हलत नाही. सहाच्या खाली गेल्यावर मात्र सावकाश उतरावे. एका ठिकाणी दुसऱ्याचा काटा प्रथमच ढळतो, आणि तेथून पुढे दोन्ही काटे बरोबरीने खाली येऊ लागतात. निर्गमाचा दाब ठरलेल्या मूल्यापेक्षा ०.१ व्होल्टने कमी होताच थांबावे आणि दोन्ही वाचनांची वजाबाकी करावी. तोच त्या चिपचा, त्या प्रवाहाला असलेला किमान फरक. नंतर त्याच जागी ७८०५ बसवून पुन्हा ९ व्होल्टपासून सुरुवात करावी. या वेळी काटा सातच्या जवळपासच ढळू लागेल.